डुंबरे सरांच्या मोबाईलचा पत्ता

मोबाईललाही स्वतःचा पत्ता असतो, ही गोष्ट सुदर्शन डुंबरे सरांना वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, एका सोमवारी प्रार्थनेनंतर कळली. तोवर त्यांनी तीस वर्षं भूगोल शिकवला होता. अक्षांश आणि रेखांश ठाऊक असले की पृथ्वीवरची कुठलीही जागा सापडते, असं ते दर जूनमध्ये नववीच्या वर्गाला छातीवर हात ठेवून सांगत. पण स्वतःच्या शर्टाच्या खिशात असलेल्या वस्तूचा पत्ता विचारल्यावर त्यांना घाम फुटला.

शाळा राजुरीच्या पुढे, हमरस्त्यापासून जरा आत असलेल्या एका गावात होती. गावाचं नाव सांगण्यात अर्थ नाही; तिथल्या माणसांना अजून तिथंच राहायचंय. सर रोज वारूळवाडीहून स्कूटरवर जात, सव्वादहाला पोचत आणि हजेरीपटावर सही करून कुणाच्या अध्यातमध्यात न पडता पाचला परत येत. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. ती दोन वर्षं कुणाच्याही नजरेत न भरता काढायची, एवढीच त्यांची महत्त्वाकांक्षा होती आणि ती पुरी होण्याची सगळी लक्षणं दिसत होती.

झालं होतं असं. शाळेच्या आवारात चार खांबांवर उभी असलेली सिमेंटची पाण्याची टाकी आहे. तिच्या पायथ्याशी पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये खिचडी शिजते. टाकीच्या दोन खांबांना तडे गेल्याची, आतल्या गंजलेल्या सळया उघड्या पडल्याची आणि टाकी पोरांच्या अंगावर पडेल अशी भीती असल्याची एक निनावी तक्रार, फोटोसकट, शिक्षण खात्याला ईमेलने गेली. खात्याने ती वाचली की नाही ते माहीत नाही, पण 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा मारून ती संस्थेच्या अध्यक्षांकडे पाठवून दिली. अध्यक्ष भगवंतरावांनी ती दोनदा वाचली आणि योग्य ती कार्यवाही लगेच सुरू केली. म्हणजे तक्रार कुणी केली ते शोधायला घेतलं.

शाळेतलं वायफाय नारायणगावात मोबाईलचं दुकान असलेल्या कल्पेशने बसवलेलं होतं. लालचंदशेठ कापडवाल्यांचा हा मुलगा स्वभावाने सरळ. विचारलं तेवढं सांगणारा. त्याने वायफायच्या डब्यातली नोंद काढून दाखवली. मेल गेला त्या दुपारी एक चाळीसला डब्याला चार यंत्रं जोडलेली होती. तीन ऑफिसचे संगणक, चौथं यंत्र कुणाचं ते कळत नव्हतं, पण त्याचा पत्ता नोंदीत होता. आकडे आणि इंग्रजी अक्षरांच्या सहा जोड्या, मधे दोन-दोन टिंबं. प्रत्येक फोनला असा पत्ता कारखान्यातच मिळतो, एकाचा दुसऱ्याला लागत नाही, त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात, इतकं सांगून कल्पेश दुकानात परत गेला. भगवंतरावांनी त्या सहा जोड्या मोठ्या अक्षरांत छापून सूचनाफलकावर लावल्या, मुख्याध्यापकांना घेऊन एक चौकशी समिती नेमली आणि शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाने आपापल्या फोनचा पत्ता तीन दिवसांत लेखी द्यावा असं फर्मान काढलं.

फर्मानासोबत आलेल्या छापील नमुन्यात रकाना होता, 'भ्रमणध्वनीचा भौतिक पत्ता'. हे भाषांतर मुख्याध्यापकांचं. डुंबरे सरांनी तो रकाना चारदा वाचला. शेजारच्या टेबलावरच्या कुणाला विचारावं, तर आपल्याला एवढंही कळत नाही हे उघड होणार. मग त्यांनी जे खरं होतं ते सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'दिवसा शर्टाचा डावा खिसा. शाळेच्या वेळेत टेबलाचा खण. इतर वेळी मु. पो. वारूळवाडी, ता. जुन्नर, जि. पुणे.'

दुसऱ्या दिवशी तो कागद लाल शाईत परत आला. शेरा होता, 'चौकशी समितीची थट्टा. समज देण्यात यावी.' सरांना तीस वर्षांत समज मिळालेली नव्हती. मुख्याध्यापकांनी ती सगळ्यांसमोर, चहाच्या सुट्टीत दिली आणि सर कपातला चहा तसाच ठेवून वर्गावर गेले. त्या दिवशी त्यांनी सह्याद्रीतल्या घाटांची नावं सांगताना माळशेज दोनदा घेतला आणि नाणेघाट विसरले. एका मुलीने चूक दाखवून दिली तर तिला बाकावर उभं केलं. असं ते कधी करत नसत.

वारूळवाडीत त्यांच्या शेजारी अमृतराव राहत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, आणि फोनशी संबंधित कुठल्याही गोष्टीवर शेवटचा शब्द आपला असं मानणारे. त्यांनी खात्यात असताना खांबावर चढून तारा जोडल्या होत्या. त्या अनुभवावर त्यांनी सरांच्या हातातून फोन घेतला, चांदणी, चौकट, शून्य, सहा असं काहीतरी दाबलं आणि पडद्यावर पंधरा आकडे आले. हाच पत्ता, अमृतराव म्हणाले. खात्यातही हाच चालायचा. सरांच्या पत्नी अंजनाबाई दारातून म्हणाल्या की फलकावरच्या पत्त्यात अक्षरं आहेत म्हणता ना, मग यात नुसते आकडे कसे? अमृतरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या आत निघून गेल्या.

नव्या नमुन्यात यावेळी बारा चौकोन होते. पंधरा आकडे बारा चौकोनांत बसत नाहीत हे गणित सरांना येत होतं. पण अमृतरावांचा शब्द आणि तीन दिवसांची मुदत यांच्यात सापडलेल्या माणसाने काय करावं? त्यांनी बारा आकडे चौकोनांत लिहिले, उरलेले तीन समासात घेतले आणि बाण काढून जोडले. तो कागद परत आला तेव्हा शेरा लांबला होता: 'जाणूनबुजून चुकीचा क्रमांक. दिशाभूल करण्याचा दुसरा प्रयत्न.'

आता मात्र अंजनाबाई घाबरल्या. त्यांनी पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीला, समृद्धीला, फोन लावला. समृद्धी म्हणाली, सोपं आहे बाबा, सेटिंगमध्ये जा. सर सेटिंगमध्ये जायला गेले आणि फोन बंद झाला, कारण ज्या फोनवर बोलत होते त्यातच त्यांना जायचं होतं. असं तीनदा झाल्यावर समृद्धीने आईचा फोनही मदतीला घ्यायचं ठरवलं. आधी सरांच्या फोनवर बोलत आईच्या फोनमध्ये पत्ता कुठे असतो ते दाखवून सरांचा सराव करून घेतला, तो पत्ता त्यांनी डायरीत लिहून ठेवला, मग आईच्या फोनवर बोलत त्यांचा स्वतःचा शोधला. सर विद्यार्थी म्हणून बरे होते. तासाभरात त्यांना सगळं जमलं. घरचं वायफाय उघडलं, खाली सरकलं, 'नेटवर्कचा तपशील' वर बोट ठेवलं, आणि तिथं त्या सहा जोड्या शांतपणे बसलेल्या होत्या. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी त्या मोठ्याने वाचून दाखवल्या. फलकावरच्या जोड्यांशी त्यातली एकही जुळत नव्हती.

तो कागद त्यांनी ताठ मानेने दिला. खरं तर गोष्ट इथं संपायला हवी होती. पण आधीच्या दोन कागदांमुळे समितीचा त्यांच्यावर विशेष लोभ जडलेला होता, म्हणून खात्री करायला शाळेतच, सगळ्यांदेखत, त्यांचा फोन उघडला गेला. शाळेच्या वायफायच्या तपशिलात वेगळाच पत्ता निघाला. मुख्याध्यापकांनी फोनची सगळी माहिती असते त्या पानावर जाऊन पाहिलं, तिथं तिसराच होता. फलकावरच्या पत्त्याशी तिन्हींतला एकही जुळत नव्हता. सरांनी फोन हातात घेऊन पुन्हा पुन्हा पाहिलं. आपण काही केलेलं नाही हे त्यांना माहीत होतं, तरी त्यांचा चेहरा केल्यासारखा झाला.

कल्पेशला बोलावलं. त्याने समजावून सांगितलं की नवे फोन प्रत्येक वायफायला मुद्दाम वेगवेगळा पत्ता देतात, खरा लपवून ठेवतात, हे सुरक्षेसाठी असतं.

"सुरक्षा कुणापासून?" भगवंतरावांनी विचारलं.

कल्पेशने त्यांच्याकडे पाहिलं, मग डुंबरे सरांकडे पाहिलं आणि तो आपली पिशवी आवरू लागला. भगवंतराव सरांना म्हणाले, "सर, माणसाला पत्ता एक असतो. तीन-तीन पत्ते फरार माणसाचे असतात."

त्या दिवसापासून सर शाळेत दोषी ठरले. लेखी काही नव्हतं. पण हजेरीपट त्यांच्यापुढे सरकवण्याऐवजी त्यांना उठून घ्यावा लागे. शिक्षकांच्या खोलीत ते शिरले की बोलणं थांबे. आणि याच्या उलटही एक गोष्ट सुरू झाली. इतिहासाचे सर एकदा सायकल स्टँडवर त्यांना गाठून, आजूबाजूला बघत, हळूच म्हणाले की बरं केलंत, कुणीतरी करायलाच हवं होतं. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने बसायला आतली खुर्ची दिली. एका पालकाने वाटेत गाडी थांबवून नुसता नमस्कार केला. "मी नाही केलं," असं सर प्रत्येकाला सांगत, आणि प्रत्येकजण डोळे मिचकावून मान हलवी. सरांना कळेना की आपल्याला अपमान जास्त बोचतो आहे की हा मान. कारण टाकीला तडा गेलेला त्यांनी वर्षभरापासून पाहिला होता. रोज दीडला डबा खाऊन हात धुताना समोर तोच खांब असे. आधी तडा केसाएवढा होता, मग बोट जाईल इतका झाला. त्यांनी पाहिलं, हात पुसले आणि वर्गावर गेले. रोज.

दरम्यान टाकीचं काय, असं कुणी विचारेल. टाकीचा विषय समितीच्या बैठकीत निघाला होता. आता दुरुस्ती केली तर तक्रार खरी होती असं कबूल केल्यासारखं होईल, तेव्हा चौकशी पूर्ण होईपर्यंत टाकीला कुणी हात लावू नये, असा ठराव एकमताने झाला.

शिक्षकांचे कागद आले तरी फलकावरचा पत्ता कुणाशी जुळेना. मग शिपाई, सेवक आणि खिचडी शिजवणाऱ्या बायकांचे पत्ते घ्यायचे ठरले. ते शोधून देणार कोण? फोनमधला पत्ता काढण्याचा सराव संबंध शाळेत एकाच माणसाला होता. मुख्याध्यापकांनी डुंबरे सरांच्या हातात कोरे नमुने दिले आणि म्हणाले, यात तरी गडबड करू नका.

सर शेडमध्ये गेले तेव्हा साळुबाई पातेलं घासत होत्या. साठीच्या घरातल्या, उंच, हाडाने बळकट. शाळेत खिचडी सुरू झाल्यापासून तिथं रांधत होत्या. त्यांनी हात पदराला पुसून कनवटीचा फोन काढून दिला. जुना फोन, काच तडकलेली. सरांनी सवयीने फोनची माहिती असलेलं पान उघडलं. एवढ्या जुन्या फोनला पत्ता लपवायची अक्कल नव्हती. सहा जोड्या. फलकावरच्या सहा जोड्या सरांना आता स्वतःच्या जन्मतारखेसारख्या पाठ होत्या.

त्यांनी उघडलेलं पेन पुन्हा बंद केलं. साळुबाईंना काय ते उमगलं. त्या घाबरल्या नाहीत.

"नातीनं लिवून दिलं, सर, साळंचं वायफाय बी तिनंच जोडलं," त्या म्हणाल्या. "पर सांगितलं म्या. फोटू बी म्याच काढला. वरनं बारीक वाळू पडती, रोज. खिचडीत पडती. मी ताटं आड धरते, पर पोरं हितंच रांगंला बसत्यात ना."

"मला सांगायचं ना," सर म्हणाले.

"तुमी तर रोज बघत व्हता," साळुबाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. सर तिथं हात धुतात एवढंच त्या सांगत होत्या.

सरांनी नमुना गुडघ्यावर ठेवला. साळुबाईंच्या नावापुढच्या बारा चौकोनांत त्यांनी डायरीतून बघून अंजनाबाईंच्या फोनचा पत्ता लिहिला, खाली साळुबाईंची सही घेतली आणि फोन परत दिला. तीस वर्षांत केलेली ही त्यांची पहिली खोटी नोंद. एक चौकोन जरा ओलांडला गेला.

पुढच्या बैठकीत सगळे कागद टेबलावर मांडले. एकही जुळत नव्हता. भगवंतरावांनी चष्मा काढला आणि सरळ हिशोब मांडला: सगळ्यांचा एकेक पत्ता आहे आणि तो जुळत नाही. डुंबरे सरांचे तीन आहेत. ज्याचे तीन असू शकतात त्याचा चौथाही असू शकतो. मग त्यांनी सरांना विचारलं, हा पत्ता तुमचा आहे का, हो की नाही तेवढं सांगा.

नाही म्हणायचं असं सर घरून ठरवून आले होते. अंजनाबाईंनी तसं दोनदा वदवूनही घेतलं होतं. पण नाही म्हटलं की शोध पुढे चालू राहणार, कल्पेश पुन्हा येणार, आणि या वेळी साळुबाईंचाही फोन तो स्वतः उघडून बघणार. आणि खरं सांगायचं तर चहावाल्याची ती आतली खुर्चीही सरांच्या मनात कुठेतरी होती.

"असेल," सर म्हणाले. "माझ्या फोनला पत्ते पुष्कळ आहेत."

आठवड्याभरात बदलीचा कागद आला. संस्थेची एक छोटी शाखा मढच्या बाजूला होती, तिथं. वारूळवाडीहून रोज जाणं-येणं स्कूटरवर होणारं नव्हतं, म्हणून सरांनी तिथंच एक खोली घेतली आणि शनिवारी एसटीने घरी येऊ लागले. अंजनाबाई पहिले दोन शनिवार बोलल्या नाहीत. तिसऱ्या शनिवारी म्हणाल्या, "दुसऱ्याची तक्रार आपल्या अंगावर घेतलीत, स्वतःची करायला काय झालं होतं?" साळुबाईंचं नाव त्यांनी घरात एवढं एकदाच घेतलं होतं, आणि अंजनाबाईंनी ते बाहेर कुठे काढलं नाही.

फेब्रुवारीत एका गुरुवारी, दुपारी चारच्या सुमारास, टाकी पडली. मुलं कवायतीला मैदानावर होती, म्हणून वाचली. साळुबाई शेडमध्ये भांडी आवरत होत्या. पत्रा, सिमेंट आणि पाणी यांच्याखालून त्यांना काढायला तास लागला. जीव वाचला, पण उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

शनिवारी सर परस्पर दवाखान्यात गेले. साळुबाई खाटेवर डोळे मिटून पडल्या होत्या. उशाशी त्यांची नात संस्कृती बसली होती, नववीतली. हीच ती बाकावर उभी राहिलेली मुलगी. सर आल्यावर ती उठून उभी राहिली. सरांनी तिला बस म्हटलं तरी ती बसली नाही.

साळुबाईंनी डोळे उघडले. "सर, मी आता सांगणार हाय साऱ्यांना," त्या म्हणाल्या. "अर्ज माझा व्हता म्हून. तुमचं नाव उगाच लागलं."

सरांनी मान हलवली. ते म्हणाले की आता सांगितलं तर धोका माहीत असून बाई खाली का बसली, असं विचारतील आणि सगळं तुमच्यावरच ढकलतील. 

"बसले नसते तर पोरांना खायला कोण घालणार व्हतं," त्या म्हणाल्या आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

त्यानंतर दहा दिवसांनी सरांना मढला संस्थेचं पत्र मिळालं. कारणे दाखवा नोटीस. भाषा मुख्याध्यापकांची होती. आपण स्वतः मान्य केलेल्या तक्रारीवरून टाकी धोकादायक असल्याची आपणांस पूर्ण कल्पना होती हे सिद्ध होते; असे असता आपण केवळ एक निनावी ईमेल करून स्वस्थ बसलात, वरिष्ठांकडे लेखी वा तोंडी पाठपुरावा केला नाहीत, सबब दुर्घटनेस आपणांस जबाबदार का धरू नये आणि आपण गप्प का राहिलात, याचा खुलासा सात दिवसांत करावा.

सर ते पत्र घेऊन शनिवारी घरी आले. अमृतराव येऊन गेले. कोर्टात जायला हवं म्हणाले. खात्यात असताना अशा नोटिसा आपण डझनांनी परतवल्यात, एकदा मेल तुमचा नव्हता असं म्हटलं की समितीच तोंडावर पडते. समृद्धीने फोनवरून तेच सांगितलं. कल्पेशही दुकान बंद करून मुद्दाम आला आणि म्हणाला, तो पत्ता सरांच्या फोनचा नाही हे मी लिहून देतो, माझं काय व्हायचं ते होऊ दे. सर्वांचं म्हणणं बरोबर होतं. सुटायला एक वाक्य पुरेसं होतं. सरांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, कल्पेशला चहा दिला आणि रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसले.

खुलासा लिहून झाल्यावर त्यांनी तो अंजनाबाईंपुढे ठेवला. वर तारीख होती, 'विषय' आणि 'संदर्भ' व्यवस्थित घातले होते, आणि खाली दोन ओळी:

'टाकीच्या खांबाला तडा गेल्याचे मला तक्रारीच्या आधी एक वर्षापासून रोज दिसत होते. मी गप्प राहिलो, कारण मला भीती वाटत होती.'

अंजनाबाईंनी वाचलं. "असं लिहून कुणी सुटतं का?" त्यांनी विचारलं.

"सुटायचं कसं, असं त्यांनी विचारलेलं नाही," सर म्हणाले. "का गप्प राहिलात, असं विचारलंय."

अंजनाबाईंनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग त्या आत गेल्या, पाकीट घेऊन आल्या आणि त्यावर संस्थेचा पत्ता लिहायला त्यांनी सरांच्या हातातलं पेन घेतलं.